कधी येणारा, कधी न येणारा फॉल्ट: जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये त्याचा माग कसा काढावा

बडोद्याजवळच्या मकरपुरा किंवा नंदेसरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागणारे वाक्य म्हणजे, "साहेब, हवे चाले छे", म्हणजे आता चालतंय. फोन आल्यावर आपण चहा अर्धा टाकून पॅनेलकडे धावत जातो आणि तोवर ऑपरेटरने रिसेट दाबून मशीन पुन्हा चालू केलेले असते. सगळे दिवे हिरवे, सगळी रीडिंग बरोबर, आणि मीटर हातात घेऊन मोजायचे तरी काय, हाच प्रश्न. दोन दिवसांनी पुन्हा तोच फोन येतो.

पूर्ण बंद पडलेले मशीन यापेक्षा बरे. ज्या इनपुटला चोवीस व्होल्ट हवेत तिथे ते नाहीत, एवढे दिसले की अर्धे काम झाले. हा लेख दुसऱ्या जातीच्या, म्हणजे आपोआप येणाऱ्या आणि आपोआप जाणाऱ्या बिघाडांबद्दल आहे; तोही पंधरा, वीस, पंचवीस वर्षे चाललेल्या पॅनेलमधल्या. सीमेन्सची सिमॅटिक एस-५ ही पीएलसींची (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक संगणकांची) मालिका १९७९ ची, तिच्यानंतरची एस-७ नव्वदच्या दशकातली. त्या पिढीतले रॅक आजही काही ठिकाणी निमूटपणे काम करत आहेत. त्यांचा प्रोसेसर सहसा दगा देत नाही. दगा देतात ते त्याच्या भोवतीचे स्वस्त भाग: कपॅसिटर, टर्मिनल, रिले, केबल, पंखा आणि बॅटरी.

पहिली पायरी: लिहा, हात लावू नका

नवशिक्याची सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत महाग पडणारी चूक ही की तो पोचताक्षणी काहीतरी करतो. कार्ड काढून परत बसवतो, स्क्रू आवळतो, कनेक्टर हलवतो. यातल्या कोणत्याही कृतीने फॉल्ट काही दिवस नाहीसा होऊ शकतो, आणि तो नेमका कशामुळे गेला हे कधीच कळत नाही. ऑक्साइड चढलेला कनेक्टर एकदा काढून घातला की घासला जाऊन चालू लागतो. महिन्याभराने पुन्हा तिथेच येतो, पण तोपर्यंत आपण दुसऱ्याच भागाला दोषी ठरवून तो बदललेला असतो.

या चुकीत मी स्वतः तीन आठवडे घालवले आहेत. एका रासायनिक कारखान्यात रिअ‍ॅक्टरचा अ‍ॅजिटेटर (आतले मिश्रण ढवळणारे यंत्र) आठवड्यातून दोन-तीनदा ट्रिप होत, म्हणजे आपोआप बंद पडत असे आणि स्क्रीनवर दर वेळी एकच संदेश येई: मोटरचा रनिंग फीडबॅक नाही, म्हणजे मोटर चालू असल्याची खूण पीएलसीला मिळत नाही. आम्ही कॉन्टॅक्टरचा (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचा) ही खूण देणारा ऑक्झिलरी ब्लॉक बदलला. चार दिवस शांतता. पुन्हा ट्रिप झाल्यावर इनपुट कार्ड बदलले; आठवडाभर शांतता. मग फीडबॅकची केबलच नवी ओढली. दर कामानंतर थोडे दिवस बरे जात, म्हणून दर वेळी आपण योग्य मार्गावर आहोत असेच वाटे. दर कामानंतर "जरा नजर ठेवू" म्हणून पॅनेलचे दार उघडे राही, आणि सेफ्टीवाल्यांचा राउंड झाला की ते बंद होई, ही गोष्ट मात्र कोणीच लिहून ठेवली नव्हती.

म्हणून साधी दोनशे पानी वही पॅनेलला दोरीने बांधा आणि दर ट्रिपला त्यात पुढील गोष्टी भरल्या जातील अशी व्यवस्था करा: मिनिटापर्यंत वेळ; बॅचची कोणती पायरी चालू होती; त्याच क्षणी दुसरे काय चालू किंवा बंद झाले; पॅनेलचे दार उघडे होते की बंद; बाहेर ऊन होते, पाऊस होता की लाईट नुकतीच येऊन-जाऊन गेली होती; आणि रिसेट दाबण्यापूर्वी कार्डांवरचे कोणते दिवे लागलेले होते. हे शेवटचे हाताने लिहिण्यापेक्षा मोबाइलवर फोटो काढायला सांगणे सोपे पडते. पीएलसीचे घड्याळ, स्काडाच्या (प्लांटवर नजर ठेवणाऱ्या) संगणकाचे घड्याळ आणि भिंतीवरचे घड्याळ यांत किती मिनिटांचा फरक आहे तो वहीच्या पहिल्या पानावर नोंदवा. जुन्या यंत्रणांमध्ये तो दहा-पंधरा मिनिटांचाही असतो, आणि न नोंदवल्यास पुढचे सगळे ताळमेळ चुकतात.

ऑपरेटरशी बोलताना "काय झाले" असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर "ट्रिप झाले" हेच येते. "काका, ट्रिप व्हायच्या आधी काही आवाज आला का, कुठला दिवा लुकलुकला का?" असे विचारा. आमच्या त्या अ‍ॅजिटेटरच्या बाबतीत शेवटी असे विचारल्यावर शिफ्टमधले काका म्हणाले, "अहो, वरचे ते सगळे व्हॉल्व्ह एकदम टक करतात ना, त्याच वेळी जातं बघा." हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते.

दुसरी पायरी: बॅकअप आणि परवानगी

इथे मी थोडक्यात पण कडकपणे सांगतो. कोणताही भाग सोडवण्यापूर्वी प्रोग्रामची ताजी प्रत काढा आणि ती चालू प्रोग्रामशी ताडून पाहा. कपाटातली दहा वर्षांपूर्वीची सीडी ही प्रत नव्हे. जुन्या पीएलसीत प्रोग्राम रॅममध्ये असतो आणि वीज गेल्यावर तो लिथियम बॅटरीच्या आधाराने टिकतो. म्हणून बॅटरीचा इशारा देणारा दिवा लागलेला असताना "एकदा बंद करून चालू करून बघू" म्हणणारा माणूस संपूर्ण प्रोग्राम घालवून बसू शकतो. अशा बहुतेक यंत्रणांमध्ये बॅटरी सप्लाय चालू ठेवूनच बदलायची असते, पण आपल्या मॉडेलचे मॅन्युअल त्याआधी वाचा. कार्ड मात्र सप्लाय बंद करूनच काढायचे, आणि मनगटाला अर्थ केलेला पट्टा बांधून.

पॅनेलमध्ये काम करण्याचे परमिट घ्या, प्रॉडक्शनला सांगा, जिथे लागेल तिथे कुलूप लावा. तपासासाठी एखादा सिग्नल फोर्स (पीएलसीतून जबरदस्तीने चालू किंवा बंद) करावा लागला तर तो लाल शाईने वहीत लिहा. सुरक्षा इंटरलॉक (धोका असल्यास मशीन थांबवणारी व्यवस्था) कोणत्याही कारणासाठी बायपास करू नका; फॉल्ट सापडत नाही, हे त्याचे कारण होऊ शकत नाही.

तिसरी पायरी: वहीतला नमुना वाचा

आठ-दहा नोंदी झाल्या की त्या शांतपणे बसून वाचा. दुपारी दोन ते पाचच्या दरम्यानच ट्रिप होत असेल तर उष्णतेकडे बघा: मे महिन्यात बडोद्यात बाहेर चाळीसच्या वर तापमान असते, बंद पॅनेलच्या आत ते आणखी दहा-पंधरा अंशांनी सहज चढते, आणि जुन्या पीएलसीची मर्यादा बहुधा पंचावन्न किंवा साठ अंशांची असते. वरचा पंखा फिरतो आहे एवढ्यावर समाधान मानू नका. फिल्टर काढून उजेडात धरा, आरपार दिसले पाहिजे.

उलट, सुट्टीनंतर सोमवारी सकाळी पहिल्यांदा चालू करतानाच त्रास होऊन अर्ध्या तासाने सगळे सुरळीत होत असेल, तर पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर संशय घ्या. म्हातारे कपॅसिटर थंड असताना अधिक कमकुवत असतात आणि तापल्यावर थोडे सावरतात. पावसाच्या पहिल्या सरीनंतर येणारा फॉल्ट बाहेरच्या जंक्शन बॉक्समध्ये असतो. यंत्राचा हलता भाग ठराविक जागी आला की येणारा फॉल्ट त्या भागाबरोबर वाकणाऱ्या केबलमध्ये असतो. शेजारची मोठी मोटर सुरू होताना येणारा फॉल्ट व्होल्टेज पडल्यामुळे असतो, कारण थेट लाईनवर सुरू होणारी मोटर सुरुवातीला तिच्या नेहमीच्या करंटच्या सहा ते आठ पट करंट ओढते. आणि रात्रपाळीतच येणारा फॉल्ट कधीकधी एखाद्या माणसाच्या सवयीत असतो. हे बोलताना सांभाळून बोलावे.

नमुना अजिबात दिसत नसेल तर नोंदी कमी आहेत किंवा चुकीची गोष्ट नोंदवली जात आहे, असे समजा. फॉल्ट दोन असण्याचीही शक्यता धरा. जुन्या पॅनेलमध्ये हे वाटते त्यापेक्षा जास्त वेळा घडते.

चौथी पायरी: चोवीस व्होल्ट

संशयित कोणीही असो, मोजणी सप्लायपासूनच सुरू करा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पीएलसीच्या चोवीस व्होल्ट डीसी सप्लायला उणे पंधरा ते अधिक वीस टक्के, म्हणजे २०.४ ते २८.८ व्होल्ट, एवढी मुभा असते. नेहमीच्या इनपुटला पंधरा व्होल्टच्या वर 'चालू' आणि पाचच्या खाली 'बंद' समजते. मधल्या पट्ट्यात ते काय समजेल याची हमी कोणी देत नाही. मोजमाप एसएमपीएसच्या (चोवीस व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायच्या) टर्मिनलवर घेऊन थांबू नका, ते सर्वांत दूरच्या कार्डावर आणि पूर्ण लोड चालू असताना घ्या. मग मीटर एसीवर करून रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली एसीची लहर, बघा; डीसीच्या पाच टक्क्यांहून म्हणजे सुमारे १.२ व्होल्टहून जास्त रिपल असेल तर तो सप्लाय बदलायचाच.

कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. १०५ अंशांना दोन हजार तास चालणारा कपॅसिटर ६५ अंशांना बत्तीस हजार तास, म्हणजे अखंड चालू राहिल्यास सुमारे साडेतीन वर्षे चालतो. मोठ्या कंपन्या याहून चांगले कपॅसिटर वापरतात. तरी वीस वर्षांच्या एसएमपीएसकडून किती अपेक्षा ठेवायची, हे या हिशेबावरून समजते.

आता पुन्हा अ‍ॅजिटेटरकडे. मल्टिमीटरवर २२.६ व्होल्ट दिसत होते आणि म्हणून सप्लायला आम्ही पहिल्याच दिवशी निर्दोष ठरवले होते. साधा डिजिटल मीटर सेकंदाला तीन-चार वेळाच आकडा बदलतो. काही मिलिसेकंदांची बुडी त्याला दिसतच नाही. काकांचे बोलणे ऐकल्यावर आम्ही इनपुट कार्डाच्या सप्लायवर बॅटरीवर चालणारा ऑसिलोस्कोप लावला, अठरा व्होल्टच्या खाली गेल्यास एकच चित्र पकडून ठेव अशी त्याची मांडणी केली, पॅनेलचे दार बंद केले आणि निघून आलो. तिसऱ्या दिवशी दुपारी चित्र सापडले: सहा सोलेनॉइड व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडताना सप्लाय अकरा व्होल्टपर्यंत खाली जाऊन चौदा मिलिसेकंदांनी वर आला होता. त्या क्षणी सगळेच इनपुट गेले होते. पण बाकीच्यांना प्रोग्राममध्ये अर्ध्या सेकंदाचा टायमर होता आणि मोटरच्या फीडबॅकला नव्हता, म्हणून तक्रार फक्त त्याचीच येत होती. एसएमपीएस उघडल्यावर दोन कपॅसिटरची डोकी टोपीसारखी फुगलेली होती आणि एकाच्या बुडाशी तपकिरी, चिकट डाग होता. दार उघडे असताना एसएमपीएस फार न तापता कसाबसा निभावून नेत होता.

पाचवी पायरी: जोडण्या, रिले, केबल

सप्लाय ठीक निघाला तर वायरिंगकडे वळा. इथे डोळ्यांनी पाहण्यापेक्षा हाताने हलके ओढून पाहणे उपयोगी पडते: एकेक वायर दोन बोटांत धरून किंचित ओढायची. इन्सुलेशनवरच आवळलेला स्क्रू, फेरुल (टोकावरची धातूची टोपी) न लावता कोंबलेली मल्टिस्ट्रँड वायर, एकाच टर्मिनलमध्ये घातलेल्या तीन वायरी, ही नेहमीची दृश्ये आहेत. ओढताना एखादी वायर निघून हातात आली तर लाजू नका, फोटो काढा. सगळे स्क्रू सरसकट आवळत मात्र सुटू नका. पितळेचे जुने टर्मिनल जास्त आवळले की तडकते.

नंदेसरीसारख्या रासायनिक पट्ट्यात हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी रिलेचे चांदीचे संपर्क काळे पडतात. मोठा करंट वाहत असेल तर ठिणगीने ते स्वच्छ राहतात, पण पीएलसीच्या इनपुटचे काही मिलिअँपिअर वाहून नेणारा संपर्क तसाच मळत जातो आणि दहापैकी एखाद्या वेळी जोडलाच जात नाही. अशा जागी सोन्याचा मुलामा दिलेल्या संपर्कांचा रिले घ्यावा. पॉलिश पेपरने संपर्क घासण्याची सवय असेल तर ती सोडा.

बाहेरच्या जंक्शन बॉक्सची केबल वरून आत येत असेल तर पावसाचे पाणी तिच्या अंगाने घरंगळत ग्लँडमध्ये (केबल आत घेणाऱ्या भोकाच्या झाकणात) शिरते. केबल खालून आणा किंवा आत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्या. ओलावलेल्या टर्मिनल पट्टीवर शेजारच्या टर्मिनलमधून गळून आलेले आठ-दहा व्होल्ट बंद असलेल्या इनपुटवर दिसतात, आणि ते वर सांगितलेल्या बेभरवशाच्या पट्ट्यात पडतात. न वापरलेली ग्लँडची भोके बुजवा. एका पॅनेलमध्ये दर काही महिन्यांनी फ्यूज उडे, त्याचे कारण अशा भोकातून उबेला येऊन दोन टर्मिनलांवर आडवी पडणारी पाल होती. हसू येते, पण भोक बुजवेपर्यंत तीन फ्यूज आणि तीन पाली गेल्या होत्या.

यंत्राच्या हलत्या भागाबरोबर केबल वाहणाऱ्या साखळीतून पुढे-मागे जाणाऱ्या केबलमध्ये तांब्याची तार आतल्या आत तुटते आणि वरचे इन्सुलेशन शाबूत राहते. सरळ असताना टोके टेकतात, वाकल्यावर सुटतात. म्हणून केबल जमिनीवर काढून तपासली तर ती शंभर टक्के चांगली ठरते. ती जागेवरच, हलती असताना तपासावी.

अ‍ॅनालॉग सिग्नलसाठी दोन आकडे लक्षात ठेवा. चार ते वीस मिलिअँपिअरच्या लूपमध्ये २५० ओहमच्या रेझिस्टरवर एक ते पाच व्होल्ट मिळतात, तिथे रेकॉर्डर लावणे सोपे. तापमान मोजणाऱ्या पीटी-१०० सेन्सरचा रोध अंशाला सुमारे ०.३८५ ओहमने बदलतो, म्हणजे दोन तारांच्या जोडणीत एखाद्या गंजलेल्या टर्मिनलने एक ओहम वाढवला तर तापमान अडीच अंशांहून जास्त चुकते. तीन तारांच्या जोडणीत ही चूक भरून निघते, पण तिन्ही तारांचा रोध सारखा असेल तरच. ज्या मीटरवर आपण हे सगळे मोजणार त्याचे कॅलिब्रेशन झालेले असावे. मकरपुऱ्यात १९७४ पासूनची इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन असताना बडोदेकरांना याबाबत सबब सांगता येत नाही.

जुन्या पॅनेलमध्ये नंतर कोणी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) बसवला आहे का, हेही विचारा. त्याची मोटरची केबल सिग्नलच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून गेली असेल तर अ‍ॅनालॉग रीडिंग नाचणारच. केबल वेगळ्या करा आणि अ‍ॅनालॉग सिग्नलच्या केबलची शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूच्या एकाच टोकाला अर्थ करा.

सहावी पायरी: सापळा लावा

एवढे करूनही काही सापडले नाही तर पीएलसीलाच पहारेकरी करा. एखाद्या मशीनच्या इंटरलॉकमध्ये दहा संपर्क एकापाठोपाठ जोडलेले असतात आणि एक सुटला की त्याच्यामागून बाकीचेही सुटतात. स्क्रीनवर सगळेच बंद दिसतात. प्रोग्राममध्ये प्रत्येक संपर्कासाठी एक लॅच बिट (एकदा लागला की लागलेलाच राहणारा) ठेवा आणि पहिला संपर्क सुटताच बाकीच्या बिटांना कुलूप बसेल अशी चार-पाच ओळींची लॉजिक लिहा. मग ट्रिपनंतर एकच बिट लागलेला सापडतो, तोच पहिला. अट एवढीच की सुटण्याचा काळ पीएलसीच्या स्कॅनपेक्षा, म्हणजे प्रोग्रामच्या एका फेरीपेक्षा, लांब हवा. चाळीस मिलिसेकंदांच्या स्कॅनला पाच मिलिसेकंदांची घटना बहुधा दिसणारच नाही, तिच्यासाठी बाहेरचे उपकरण लागते. ही लॉजिक चालू प्लांटमध्ये घालण्यापूर्वी परवानगी घ्या, आणि ती फक्त बघते, काहीही चालवत नाही, हे दुसऱ्याकडून तपासून घ्या.

सातवी पायरी: फॉल्टला बोलवा

संशय एका भागावर आला की शटडाऊनमध्ये फॉल्ट मुद्दाम आणून दाखवा. हेअर ड्रायरने कार्ड हळूहळू तापवा, फ्रीझर स्प्रेने एकच भाग थंड करा, स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने रिलेवर टिचकी मारा, केबल वाकवा. हवे तेव्हा आणता आला आणि हवे तेव्हा घालवता आला, तरच फॉल्ट सापडला असे म्हणावे. हे जमत नसेल तर दोन सारखी कार्डे आपसांत बदला. तक्रार कार्डाबरोबर दुसऱ्या स्लॉटमध्ये गेली तर दोष कार्डात, जुन्याच जागी राहिली तर दोष वायरिंगमध्ये. मात्र कार्डांवरचे जंपर आणि डीप स्विच (कार्डाची मांडणी ठरवणारे छोटे स्विच) आधी जुळवून घ्या. एका वेळी एकच बदल करायचा. तीन भाग एकदम बदलल्याने फॉल्ट गेला तर प्लांट मॅनेजर खूश होतो, पण स्टोअरमध्ये दोन चांगले भाग 'खराब' म्हणून जाऊन पडतात आणि पुढच्या वर्षी कोणीतरी त्यांतला एक परत आणून बसवतो.

केव्हा बंद म्हणायचे

अधूनमधून येणाऱ्या फॉल्टचे एक दिवस न येणे काहीच सिद्ध करत नाही. वहीवरून दोन ट्रिपमधले सरासरी अंतर काढा आणि दुरुस्तीनंतर त्याच्या तिप्पट काळ वाट पाहा. सरासरी चार दिवसांनी येणारा फॉल्ट बारा दिवस आला नाही, तर तो निव्वळ योगायोगाने आला नसण्याची शक्यता सुमारे पाच टक्केच उरते. हे बारा दिवस पॅनेलचे दार बंद, लोड पूर्ण आणि ऋतू तोच असला पाहिजे. मे महिन्यातला फॉल्ट दुरुस्त झाला की नाही हे डिसेंबरमध्ये कळत नाही.

मुदत पूर्ण झाल्यावर लाल शाईतले सगळे फोर्स काढले का ते ताडा, सापळ्याची लॉजिक काढून टाका किंवा ठेवायची असल्यास तिच्यावर तारीख आणि कारण लिहा, प्रोग्रामची नवी प्रत काढा, आणि बदललेला जुना भाग चिठ्ठी बांधून महिनाभर कपाटात ठेवा. वहीत शेवटची नोंद करा: काय सापडले, कशाने सिद्ध झाले, कोणता भाग कोणत्या तारखेला बदलला. वही पॅनेललाच बांधलेली राहू द्या.